उपाशी गोधडी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा ऋतू वेळेवर येत आणि झाडे माणसांशी बोलत. माणसे ऐकत असत की नाही, याबद्दल मात्र जाणकारांत मतभेद आहेत.

त्या काळी एका राज्यात एक म्हातारा राजा होता. राजा चांगला होता. म्हणजे तो फारसे काही करत नसे. उतारवयात त्याच्या हाडांत थंडी शिरली आणि ती काही केल्या निघेना. वैद्यांनी काढे दिले, लेप दिले आणि शेवटी दोष राजवाड्याच्या दगडांना दिला. महालाच्या खिडक्या बुजवल्या. राजावर शाली चढवल्या, शालींवर दुलया चढवल्या. राजा त्यांच्याखाली सापडेनासा झाला, पण कुडकुडायचा थांबला नाही.

"बाहेर कोणता ऋतू आहे?" तो कारभाऱ्याला विचारी.

"महाराजांना सोयीचा असेल तो," कारभारी म्हणे.

हे उत्तर राजाला थंडीपेक्षा जास्त झोंबे.

फाल्गुनात वैद्यांनी कारभाऱ्याला बाजूला घेऊन सांगितले, "पुढच्या माघाच्या आत अंगात ऊब आली तर ठीक. नाही तर माघाची थंडी महाराजांना न्यायलाच येईल."

ते राजाच्या कानावर गेले. तो रडला नाही की रागावला नाही. म्हणाला, "मला शाली नकोत. लहानपणी माझ्या दाईनं मला गोधडीत गुंडाळलं होतं. तशी गोधडी हवी. आणि तिच्यावर सगळे ऋतू हवेत. बाहेर जाऊन बघता येत नाहीत, निदान पांघरून बघतो."

राज्याच्या कडेला, रान सुरू होते तिथे, एक बाई राहत होती. तिच्यासारखी गोधडी कोणी शिवत नसे. कारभाऱ्याने तिला बोलावणे धाडले आणि तिने काम अंगावर घेतले.

गोधडी कशी शिवतात, हे दुलईत वाढलेल्यांसाठी सांगायला हवे. खाली जुन्या लुगड्याचे अस्तर, वर चिंध्यांचे थर आणि कडेपासून आत आत येत जाणारे टाके. शेवटी मधोमध हातभर जागा उघडी राहते. तिला म्हणतात गोधडीचे पोट. पोट उपाशी मिटायचे नाही, अशी त्या मुलखातली रीत होती. ज्यांच्या घरचे कापड गोधडीत गेले, त्या सगळ्यांना जेवायला बोलवायचे. गोधडी ज्याने पांघरायची, त्याने वाढायचे. जेवणाऱ्यांनी आपल्या पानातला एकेक घास मागे ठेवायचा. ते घास पुरचुंडीत बांधून पोटात घालायचे आणि मग शेवटचा टाका. उपाशी गोधडी ऊब देत नाही, ऊब खाते, असे म्हातारी माणसे सांगत. म्हातारी माणसे बरेच काही सांगतात. त्यातले हे खरे होते.

बाईने चिंध्यांचे गाठोडे सोडले आणि पुन्हा बांधले. "ऋतू चिंध्यांतून कसे यायचे?" ती म्हणाली. "ते रानातूनच आणले पाहिजेत."

मग तिने पळसाची फुले उकळून त्या रंगात कापड बुडवले. कापड असे पेटले, की तिने हात मागे घेतला. चैत्र संपताना सावरीची बोंडे फुटली. वाऱ्यावर उडणारा कापूस ती पदर पसरून धरत राहिली आणि येणारे-जाणारे तिला वेडी म्हणत राहिले. तळ्याकाठच्या चिखलात पिंपळाची पाने कुजून त्यांची नुसती जाळी उरली होती. ती तिने धुतली, वाळवली आणि तलम कापडावर ठेवून इतक्या हलक्या हाताने टाचली, की फुंकर मारली तर पान उडेल असे वाटावे. कुंपणाच्या काट्यांना मेंढीची लोकर अडकली होती, ती तिने वेचली. थोडी मेंढीच्या पाठीवरूनही कापली, मेंढीचे लक्ष चरण्यात आहे असे पाहून.

अडला तो पाऊस. हिरवे कापड लावले, तर ते पालेभाजीसारखे दिसू लागले. निळे लावले, तर सुतक आल्यासारखे. बाई उसवून उसवून कंटाळली.

एके दिवशी विहिरीवर वाकलेल्या बाभळीला तिला सुगरणीचे घरटे दिसले. अर्धेच झाले होते. ओल्या गवताचा एकेक धागा गाठ मारून ओवलेला, आणि सगळ्यातून पाणी ठिबकत होते. हे घरटे विणतो नर आणि नाव होते सुगरणीचे. संसारात असे चालायचेच. बाईने विळा घातला आणि घरटे उतरवले. पाखरू डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिले. पण पाऊस मोठा होता, आणि मोठ्या पावसात आपल्याला सोयीचे तेवढेच ऐकू येते.

घरटे उलगडून तिने गोधडीवर शिवले मात्र, कापडावर खरोखर पाऊस पडू लागला.

मार्गशीर्षात काम होत आले. पोट मिटायच्या आधी कारभाऱ्याने गोधडी दरबारात मांडायला लावली.

"याला कोणी गोधडी म्हणायचं नाही," त्याने बजावले. "हा ऋतुपट आहे."

शब्द सर्वांना आवडला. शब्द आवडला की वस्तू आवडायला वेळ लागत नाही. एक सरदार पावसाशी वाकून म्हणाला, "काय हे बारीक विणकाम! कोणी विणलं?"

बाई मान खाली घालून म्हणाली, "हाताला सवय आहे, सरकार."

खोटे बोलताना मान खाली घातली, की लोक त्याला विनय म्हणतात. दरबाराने वाहवा केली.

ती घरी आली तेव्हा शेजारीण दारातच उभी होती. "मग? पंगत कधी?"

"कसली पंगत?"

"अगं, पोट मिटायचंय ना?"

"ही गोधडी नाही. ऋतुपट आहे. त्याला पोट नसतं."

"होय का! मग मधे भगदाड कसलं ठेवलंयस?"

"आणि बोलावू कोणाला? पळसाला? का मेंढीला पाट मांडू?"

"मला काय विचारतेस बये, माझी एक चिंधी नाही त्यात. पण राजाकडे निघाली म्हणून भूक मेली होय तिची?"

बाई हसली. राजाच्या पांघरुणात भाकरीचा तुकडा ठेवायचा म्हणजे हसे होईल, असे तिला वाटले. तिने सुई घेतली आणि पोट मिटवून टाकले.

पौषात गोधडी राजाच्या पलंगावर आली. राजाने थरथरत्या बोटांनी ती चाचपली. "हा पळस," तो म्हणाला. "हा... हा पाऊस. कारभारी, हा पाऊस आहे!" त्याचे डोळे भरून आले. त्याने गोधडी हनुवटीपर्यंत ओढली.

आणि त्याचे दात वाजू लागले. ओठ काळेनिळे पडले. गोधडी विहिरीतल्या दगडासारखी गार झाली होती. उशाशी निखाऱ्यांनी भरलेली शेगडी होती. बघता बघता निखाऱ्यांची राख झाली. वैद्यांनी नाडी धरली आणि एकमेकांकडे पाहिले. माघ तोंडावर होता.

"बाईला वेशीबाहेर काढा!" कारभारी ओरडला.

"आधी तिला वि-विचारा," राजा गोधडीखालून म्हणाला, "काय रा-राहिलं."

बाईला बोलावून आणले. तिने गोधडीवर हात ठेवला आणि तिच्या बोटांतली ऊब गेली. तिला सगळे कळले. "महाराज," ती म्हणाली, "ही उपाशी आहे. मी हिचं पोट तसंच मिटवलं." आणि तिने रीत सांगितली.

"राजाच्या पांघरुणात उष्टं?" कारभारी म्हणाला. "मुंग्या लागतील!"

"कारभारी," राजा म्हणाला, "मला मुंग्या चालतील."

बाईने मधले टाके उसवले आणि ती आमंत्रणे करायला निघाली.

पिंपळ म्हणाला, "ती पानं मी टाकलेलीच होती, बाई. पण विचारायला आलीस, बरं वाटलं. येतो म्हणालो असतो, पण जागचा हलत नाही. पंगत माझ्याच खाली घाल." पळस आणि सावर म्हणाले, "आम्हाला इथेच पाणी पाठव." मेंढीने एवढेच विचारले, "जेवायला काय आहे?"

सुगरण मात्र बाभळीच्या शेंड्यावर पाठ करून बसला. "मी नाही यायचा."

"चुकले मी," बाई म्हणाली. "तुझं घरटं परत देऊ? उसवून आणते."

"त्या गवताचं आता काय करू? अर्धं घरटं दाखवायला मी एका सुगरणीला बोलावलं होतं. ती आली, तर रिकामी फांदी. मला फेकाड्या म्हणून निघून गेली. मी येत नाही तो त्यासाठीही नाही. सरदारानं विचारलं, कोणी विणलं. तू काय म्हणालीस?"

बाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुला कोणी सांगितलं?"

"खिडक्या बुजवल्या, तरी दरबाराच्या आढ्यावर चिमण्या बसतातच. तिथे जेवढ्यांसमोर म्हणालीस, तेवढ्यांसमोर खरं सांग. मग बघू."

बाई परत येताना वाटेत दोनदा थबकली. तिला वेशीबाहेर जाणे सोपे वाटू लागले. नावाला जपणाऱ्या माणसाला खरे बोलण्यापेक्षा परागंदा होणे नेहमीच सोपे वाटते. पण डोळ्यांपुढे राजाचे निळे ओठ येत होते. ती चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळाखाली पंगत बसली. रीतीप्रमाणे राजानेच वाढायला हवे होते, म्हणून त्याला पालखीतून आणले. दरबारही आला, तमाशा फुकट असला की दरबार चुकवत नाही. पळसाला आणि सावरीला राजाने आपल्या हाताने भरलेल्या घागरी धाडल्या; परतताना त्या रिकाम्या नव्हत्या, प्रत्येकीत एकेक पान होते. राजाने थरथरत पिंपळाच्या मुळाशी पाणी घातले, निम्मे स्वतःच्या पायांवर. पिंपळाने एक पान खाली सोडले. राजाने मेंढीपुढे कडबा टाकला. मेंढीने सगळा संपवला.

"अगं, घास मागे ठेवायचा होता!" बाई म्हणाली.

"आधी सांगायचं," मेंढी म्हणाली. "पुन्हा वाढा."

राजा हसला. तो हसल्याचे कारभाऱ्याला आठवत नव्हते. मेंढीला पुन्हा वाढले आणि तिने मोठ्या कष्टाने एक काडी शिल्लक ठेवली.

सुगरणाच्या पानात ज्वारी होती. पाखरू वरच्या फांदीवर बसून बघत होते, खाली येत नव्हते.

बाई उभी राहिली. समोर तोच सरदार होता. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"सरकार, तुम्ही विचारलंत, पाऊस कोणी विणला. तो मी विणलेला नाही. माझ्या हाताला तशी सवय नाही आणि या जन्मी व्हायचीही नाही. तो या पाखरानं विणला. मी नुसता कापून आणला, न विचारता."

सरदार खो-खो हसला. त्याच्यामागे दरबार हसला. "म्हणजे चोरीचाच माल की!" कोणीतरी म्हणाले. शेजारीण गर्दीत होती, तीही तोंडाला पदर लावून हसली. बाई लाल झाली, पण बसली नाही.

"आता ऐकू आलं," सुगरण म्हणाला आणि खाली उतरला. त्याने सावकाश दाणे टिपले. शेवटचा दाणा चोचीत धरला, बाईकडे पाहिले आणि तो पानातच ठेवून उडून गेला.

बाईने पाने, काडी आणि दाणा पुरचुंडीत बांधले, पोटात ठेवले आणि शेवटचा टाका घातला. तिथेच, पिंपळाखाली, गोधडी राजाच्या अंगावर टाकली.

आधी त्याची ओली पावले गरम झाली. मग गुडघे. मग दात वाजायचे थांबले. कोवळे ऊन राजाच्या तोंडावर पडले होते आणि ते हटवायची कोणाची हिंमत होत नव्हती.

"इतकी वर्षं जेवलो," तो म्हणाला, "वाढलं मात्र आज पहिल्यांदा. एवढे सगळे देत होते आणि मी थंडीनं मरत होतो."

माघ आला आणि रिकाम्या हाताने गेला. राजा पुढे खूप वर्षे जगला, आणि दर ऋतूच्या आरंभी पंगत वाढायला स्वतः बाहेर पडू लागला.

कारभाऱ्याची एक इच्छा उरली होती. "गोधडीच्या कोपऱ्यात नाव घाल," तो बाईला म्हणाला. "तुझं. आणि त्याच्यावर, किंचित मोठं, माझं."

बाईने सुई ओवली. कोपऱ्यात तिने पळसाची पाकळी काढली, सावरीचे बोंड काढले, पिंपळाचे पान काढले, मेंढीचा कान काढला आणि सर्वांत वर चोचीत गवताची काडी धरलेले एक पाखरू.

"आणि नावं?" कारभाऱ्याने विचारले.

"घातली की," बाई म्हणाली.

त्यामुळे ती बाई कोण, कुठली, हे आज कोणालाच सांगता येत नाही. मीही पुष्कळ चौकशी केली. शेवटी तिचे आभार नुसते 'बाई' म्हणूनच मानायचे ठरवले, आणि ते मानून झाल्यावर मलाही जरा ऊब वाटली.

एवढ्यावरून घ्यायचे ते इतकेच: ज्याचे घेतले त्याचे नाव घेतल्याशिवाय, घेतलेल्याची ऊब लागत नाही.