आगीकडे पाठ

स्पेनच्या किनाऱ्यावर एक शहर आहे. जूनच्या अखेरीस, सान हुआनच्या सणाला, तिथली प्रत्येक वस्ती लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा भलामोठा पुतळा उभारते आणि दिवस मावळला की जाळते. सगळं शहर आगीकडे तोंड करून नाचत असतं. एक कोळीवाडा तेवढा वेगळा. तिथली माणसं आगीकडे पाठ करतात, समुद्राकडे तोंड करून वाळूत रांगेने उभी राहतात आणि शेजारी एका माणसाएवढी जागा मोकळी सोडतात.

सांगलीच्या सोहोनीबाई तिथे मुलीकडे गेल्या होत्या. मोकळी जागा दिसली की शिरायचं, हे आपल्या अंगवळणीच पडलेलं. बाई सरळ त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी अनसेल्मो नावाचा म्हातारा होता, जन्मभर जाळी विणलेला. त्याने त्यांना दंडाला धरून अलगद बाजूला केलं आणि हसून सांगितलं की बाई, इथे कोणीतरी उभं आहे. पुतळा पेटायला अजून अवकाश होता, म्हणून मग त्याने हकिकत सांगितली आणि मुलीने ती आईला मराठीत करून दिली.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. या कोळीवाड्यात कसिल्दा नावाची विधवा राहायची. पुतळे घडवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका हिवाळ्यात तिचा एकुलता एक मुलगा तेल्मो होडीसकट समुद्रात गेला. होडी सापडली नाही, तेल्मोही नाही. कसिल्दा रडली, सावरली. पण उन्हाळा लागता लागता तिच्या ध्यानात आलं की मुलाचा चेहरा आपल्याला आठवेनासा झालाय. डोळे मिटले की कधी नाक हाती लागायचं, कधी भुवई. सगळं मिळून तेल्मो काही होत नसे. त्या काळी फोटो कुठले! आईनेच चेहरा विसरावा याची तिला इतकी लाज वाटायची की ती हे कोणाला सांगूही शकली नाही.

त्या वर्षी कोळीवाड्याने ठरवलं, समुद्राचाच पुतळा करायचा. ढेरपोट्या, हावरा म्हातारा, आणि त्याला चांगला जाळायचा. काम अर्थात कसिल्दाकडे आलं. पोट झालं, दाढी झाली, चेहरा तिने शेवटी घेतला. लगद्यात बोटं घातली आणि बोटं आपल्याच चालीने फिरत राहिली, असं सांगतात. तिसऱ्या दिवशी तिने मागे सरून पाहिलं, तर हावऱ्या म्हाताऱ्याच्या धडावर तेल्मोचा चेहरा. डोळ्यांना आठवत नव्हतं ते बोटांना पाठ होतं. त्या आनंदात ती कितीतरी वेळ लगद्याच्या घमेल्याशेजारी बसून राहिली.

पुतळा वाळूत उभा राहिला तेव्हा मात्र सगळ्यांनी तो चेहरा ओळखला. तेल्मोला जाळायचं कसं? आणि न जाळावं, तर त्या संध्याकाळी जे जळायचं राहतं त्याचं दुःख वर्षभर वस्तीत मुक्कामाला येतं, असा सगळ्यांचा पक्का समज. तरी वस्तीतली सर्वांत वडीलधारी हासिन्ता पुढे झाली आणि म्हणाली की राहू दे यंदा, येईल ते दुःख आम्ही वाटून घेऊ.

कसिल्दाने सगळ्यांकडे बघितलं. कोणाचा बाप उद्या पाण्यावर जाणार होता, कोणाचा नवरा.

"पेटवा," ती म्हणाली. "मला फक्त बघायला लावू नका."

ती पाठ फिरवून पाण्याच्या कडेला गेली. हासिन्ता तिच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली.

"मग आम्हीही नाही बघत, पोरी."

एकेक करत सगळी वस्ती पुतळ्याकडे पाठ करून उभी राहिली; काडी लावणाराही ती लावून रांगेत आला. कसिल्दाच्या उजव्या हाताला मात्र कोणी गेलं नाही. जाळं ओढताना तेल्मो तिथे असायचा.

मागे आग भडकली. सगळ्यांच्या सावल्या ओल्या वाळूवर लांब पडल्या, पाण्यात शिरल्या आणि पाण्याबरोबर हलू लागल्या. कसिल्दाने आपली सावली पाहिली. तिच्या उजवीकडे, जिथे कोणीच नव्हतं, तिथे आणखी एक सावली होती. सावलीला कुठला आलाय चेहरा! पण ती डावा खांदा खाली टाकून उभी होती. माशांच्या टोपल्या वाहून वाहून तेल्मो तसाच उभा राहायचा. मागे चेहरा जळत होता आणि इथे चेहऱ्यावाचून आईने मुलगा ओळखला. तिने मान वळवली नाही.

"आलास होय," एवढंच म्हणाली आणि लाकडं जळून खाली बसेपर्यंत मायलेक तिथे उभे होते म्हणे.

अनसेल्मोचं सांगून झालं तेव्हा पुतळ्याला काडी लागली होती. आजही त्या कोळीवाड्यात प्रत्येक जण अशी शेजारी जागा सोडतो. कोणासाठी, हे विचारायचं नसतं आणि मान वळवून बघायचंही नसतं.  सोहोनीबाईंनी मुलीला जरा पलीकडे सरकायला सांगितलं. बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होणार होती. चालताना ते आईच्या कुठल्या बाजूला असायचे हे मुलीलाही ठाऊक होतं. ती सरकली.