वाकड्या स्टेअरिंगमागचं बाळ

एक होती जीप. जीपच्या स्टेअरिंगमागे होतं एक भोक. भोकात राहायची इटुकली उंदरीण आणि तिचं पिटुकलं बाळ.

एकदा काय झालं, जीपचं पॉवर स्टेअरिंग बिघडलं. गुंडू मिस्त्रीनं ते दुरुस्त केलं. छान हलकं झालं. पण बसवलं वाकडं!

उंदरीण दाणा घेऊन घरी आली. बघते तर काय! स्टेअरिंगचा दांडा भोकावर. दार बंद! बाळ आत, आई बाहेर.

"चीं चीं! आई, ये ना!" बाळ रडलं.

तुरुतुरु तुरुतुरु, गेली दगडू ड्रायव्हरकडे.

"दगडूदादा, दगडूदादा, स्टेअरिंग सरळ करा.
दार उघडेना,
बाळ आत, मी बाहेर!"

दगडूदादानं मान वाकडी केली. वाकड्या मानेनं स्टेअरिंग सरळ दिसलं.

"चालतंय की! नाहीतर मिस्त्रीला सांग जा."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली मिस्त्रीकडे.

"मिस्त्रीदादा, मिस्त्रीदादा, नट खोला.
स्टेअरिंग सरळ होईना,
दार उघडेना,
बाळ आत, मी बाहेर!"

मिस्त्रीनं दिली जांभई. आऽऽऽ!

"गाडी सरळ जातीय न्हवं? चालतंय की! चहा आल्याबिगर माझा पाना उचलत न्हाई."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली चहावाल्या हौसाक्काकडे.

"हौसाक्का, हौसाक्का, चहा करा.
मिस्त्री उठेना,
स्टेअरिंग सरळ होईना,
दार उघडेना,
बाळ आत, मी बाहेर!"

"दूध कुठाय गं बाई? म्हैस दूध देईल, तर चहा उकळेल. तोवर चालतंय की!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली म्हशीकडे.

"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध द्या.
चहा उकळेना,
मिस्त्री उठेना,
स्टेअरिंग सरळ होईना,
दार उघडेना,
बाळ आत, मी बाहेर!"

"हम्माऽऽ! चारा येईल, तर दूध देईन. चारा आहे जीपच्या टपावर. तोवर चालतंय की!"

तुरुतुरु तुरुतुरु, गेली जीपकडे.

"जीपबाई, जीपबाई, चारा घेऊन चला.
म्हैस दूध देईना,
चहा उकळेना,
मिस्त्री उठेना,
स्टेअरिंग सरळ होईना,
दार उघडेना,
बाळ आत, मी बाहेर!"

"घुर्रर्र! कशी चालू? माझं स्टेअरिंग वाकडं आहे ना!"

घ्या! फिरून फिरून भोपळे चौकात!

आतून बाळ रडलं, "चीं चीं!" उंदरिणीला आला राग. असा राग, की शेपटी ताठ!

"चालतंय की, चालतंय की! नाही चालत! माझं बाळ रडतंय!"

सरसर सरसर, टपावर चढली. कुरतुड कुरतुड, चाऱ्याची दोरी कुरतडली. धप्प! चारा खाली.

म्हैस चालत आली. तिला पाय होतेच की! मचमच मचमच, चारा खाल्ला. चुळ्ळ चुळ्ळ, दूध दिलं. खळखळ खळखळ, चहा उकळला. फुर्रर्र फुर्रर्र, मिस्त्री प्याला. मिस्त्री उठला. खट्! नट खोलला. स्टेअरिंग उचललं. सरळ ठेवलं. कर्र कर्र, नट आवळला.

झालं! एवढंच तर काम होतं.

दार उघडलं. बाळ आत, आई आत! अर्धा दाणा बाळाला, अर्धा आईला.

इतक्यात आला दगडूदादा. मान अजून वाकडीच.

"अरे मिस्त्री, स्टेअरिंग वाकडं बसवलंस की!"

भोकातून उंदरीण ओरडली,

"दगडूदादा, आता मान सरळ करा!"