पखालीपुरती वाट

फार पूर्वी घाटमाथ्यावर एक पेठ होती. तिचं नाव विचारू नका. माणसं एकाच गोष्टीवरून दोन्ही बाजूंनी भांडतात अशा कुठल्याही गावाचं नाव तिला चालेल. पेठेत पिकत काही नव्हतं, पण मिळत सगळं होतं. मीठ, खोबरं, सुकी मासळी, कापड, सगळं गाडीवान बैलगाड्यांतून खालून वर आणत. घाट संपला की एक अरुंद खिंड लागे, खिंडीपलीकडे माळ आणि माळाच्या टोकाला पेठेची वेस. याखेरीज दुसरी वाट नव्हती.

गाडीवानांची एक जुनी रीत होती. त्यांच्या नाईकाने आपल्या गाडीचं जू खाली ठेवलं की मागच्या सगळ्यांनी ठेवायचं, आणि तो पुन्हा गाडी जुंपेपर्यंत कोणी जुंपायची नाही. मग पाऊस येवो की वाघ. ही रीत ते देवासारखी पाळत. कुणी मोडली, तर त्याच्या हातचं पाणीही बाकीचे पीत नसत.

एका वर्षी पेठेत मरीची साथ आली. चांगली धडधाकट माणसं ओकाऱ्या-जुलाबांनी बघता बघता आडवी होऊ लागली. पेठेतल्या विहिरी नासल्यात, आजाऱ्यांना खिंडीखालच्या झऱ्याचंच पाणी उकळून द्या, भरपूर द्या, असं वैद्यांनी सांगितलं. आजाऱ्यांसाठी माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. आणि नगरशेठांनी हुकूम काढला, की खालून येणाऱ्या गाडीवानाने पंधरवडाभर झऱ्यापाशीच थांबायचं. तोवर निरोगी राहिला तरच त्याला वर घ्यायचं.

आता हा हुकूम काही वेडेपणाचा नव्हता बरं का. पहिला आजारी खालच्या बंदरावरूनच आला होता, आणि हुकूम निघाल्यावर नवे आजारी कमी झाले हेही खरं. पण गाडीवानांचं रडगाणंही खोटं नव्हतं. पंधरवड्यात मासळी कुजायची, बैल चाऱ्यावाचून खंगायचे आणि घरच्या चुली थंड राहायच्या. बरं, हुकूम सगळ्यांना सारखा म्हणावा, तर नगरशेठांचा मेणा सकाळी खालच्या बागेत जाई आणि संध्याकाळी तस्साच वेशीतून आत येई. रोगराई शेठजींना वचकून असावी.

नाईक दोनदा वेशीपाशी गेला. आम्ही माल माळावर उतरवतो आणि माघारी जातो, तुमची माणसं नंतर येऊन घेऊन जाऊ देत, कुणाला कुणाचा स्पर्श नको, असं त्याने सुचवलं. शेठजी खाली आलेच नाहीत. गाडीवानांनी गाड्या हाकाव्यात, कारभार शिकवू नये, असा निरोप कारकुनाने वेशीवरून ओरडून सांगितला.

नाईकाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने सगळ्या गाड्या खिंडीत घातल्या, दोन-दोनच्या रांगेत, चाकाला चाक आणि कडेचं चाक कातळाला भिडवून. गाडीवानांना गाडी लावायची अक्कल कुणी शिकवायला नको; अशी लावली की मधून मांजर जायचं नाही. मग त्याने आपलं जू खाली ठेवलं. मागची सगळी जुवं धडाधड खाली आली. बैल झऱ्यापाशी बांधले, त्यांच्या घुंगुरमाळा मात्र गाडीवानांनी काढून हातात घेतल्या आणि दिवसभर वाजवायला सुरुवात केली.

पेठेत एकच गहजब उडाला. निम्मे लोक म्हणत, शाबास, कुणीतरी शेठला जागा दाखवली. ते गुपचूप गाडीवानांना भाकऱ्या आणि गूळ धाडत. निम्मे म्हणत, हे रोग आणणारे लोक, गाड्यांना काडी लावा. बाप-लेकांनी बोलणं टाकलं, जावाजावांनी चुली वेगळ्या केल्या. पारावर तर सकाळी सुरू झालेला वाद दिवेलागणीला माणसं बदलून तसाच चालू असे. गाडीवानांची बाजू घेणारा पलीकडच्याला भित्रा म्हणे आणि पलीकडचा त्याला खुनी म्हणे. खिंडीपर्यंत चालत जाऊन बघायला मात्र कुणाला सवड नव्हती.

खिंडीखाली झऱ्याजवळ साळू नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा भिवा पखालवाला. चामड्याची मोठी पखाल भरून रेड्याच्या पाठीवर घालायची आणि आजाऱ्यांच्या झोपड्यांना पाणी पोचवायचं, हे काम त्याने साथीत अंगावर घेतलं होतं. पोचवता पोचवता त्यालाच रोगाने धरलं आणि तोही त्यातल्याच एका झोपडीत जाऊन पडला. तेव्हापासून रेडा साळू हाकत होती. पाणी पोटात जात राहिलं तर माणूस वाचतो, असं वैद्यांनी तिला बजावलं होतं. भिवा तिच्या पाण्यावर तग धरून होता.

आणि आता रेडा खिंडीत शिरेना. जागाच नव्हती.

साळू गाडीवानांच्या बाजूची होती, हे ध्यानात ठेवा. शेठचा मेणा रोज तिच्या डोळ्यांदेखत जायचा-यायचा, आणि ती त्याला मनातल्या मनात चार शिव्या घालायची. म्हणून तिला वाटलं, आपलेच लोक आहेत, ऐकतील. तिने नाईकाला विनवलं की एका रेड्यापुरती वाट करा. नाईकाला खरंच वाईट वाटलं. पण जू खाली ठेवलंय, आता मी गाडी हलवली तर सगळं हसं होईल, तू शेठला सांग, तो बोलायला आला की लगेच सगळ्या गाड्या काढतो, असं तो म्हणाला.

साळू गाड्यांवरून चढून-उतरून वेशीपाशी गेली. या वेळी शेठजी स्वतः वेशीवर आले. त्यांनाही खरंच वाईट वाटलं. पण गाड्या अडवून बसलेल्यांशी आज बोललो तर उद्या जो तो डोक्यावर बसेल, तू नाईकाला सांग, गाड्या काढल्या की लगेच बोलतो, असं ते म्हणाले.

दोघांनाही तिची कीव आली. पाणी होतं तिथेच राहिलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते काही उगीच नाही.

मग ती घागरीने पाणी नेऊ लागली. एका गाडीवर चढायचं, पलीकडे उतरायचं, पुन्हा पुढच्या गाडीवर चढायचं. खिंडीतून बाहेर पडेपर्यंत निम्मी घागर तिच्याच लुगड्यावर सांडलेली असे. उरलेलं पाणी सगळ्या झोपड्यांत घोट घोट वाटावं लागे, कारण तहानलेल्या माणसांमधून एकट्या नवऱ्याला भरलेला गडू द्यायचा तिला धीर होईना. भिवा तिच्याकडे बघायचा. त्याचं ते बघणं तिला फार लागायचं.

दुसऱ्या दिवशी ती एका गाडीवरून घसरली आणि घागर फुटली. तिने नाईकाकडे पाहिलंसुद्धा नाही. खापऱ्या पायाने बाजूला सारल्या आणि दुसरी घागर आणायला खाली निघाली. घुंगुरमाळा वाजवणारे हात एकेक करून थांबले.

गाडीवानांत एक म्हातारा होता. तो नाईकाजवळ येऊन बसला आणि त्याने विचारलं, "नाईक, आपली रीत कशासाठी पडली, ठाऊक आहे ना?"

"घाटात कुणी एकटा मागे राहू नये म्हणून," नाईक म्हणाला.

"मग ही बाई कुणाबरोबर आहे?"

 नाईक उठला, शेवटच्या गाडीपाशी गेला आणि तिचं जू स्वतःच्या हातांनी उचललं. शेठ वेशीवरून बघत असेल, हसत असेल, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने उचललं. मग बाकीचे धावले.

पण गाड्या इतक्या हुशारीने भिडवलेल्या, की त्या एकेक करूनच निघणार. उतारावर बैल जुंपून उपयोग नव्हता; बैल मागे चालत नाही. माणसांनी खांदे लावले, चाकांखाली दगड धरले आणि एका बाजूची सगळी रांग मागे मागे नेली. वाट अडवायला त्यांना एक सकाळ पुरली होती. मोकळी करायला दिवस मावळला.

साळू भरलेली पखाल घेऊन माळावर पोचली, तेव्हा भिवा नुकताच गेला होता. त्याचं अंग अजून गरम होतं. ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून पोटभर रडली. आजूबाजूच्या झोपड्यांतून पाण्यासाठी हाका येत होत्या. मग तिने डोळे पुसले, पखालीचं तोंड सोडलं, चुलीवर हंडा चढवला, आणि पाणी उकळून निवल्यावर प्रत्येकाला गडू भरभरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतले लोक, भाकऱ्या धाडणारे आणि काडी लावा म्हणणारे, दोघेही शेठजींच्या दारात उभे राहिले. आता तुम्ही गाड्यांच्या आड लपू शकत नाही, खाली उतरा, असं त्यांनी सांगितलं. शेठजी उतरले. माळावर दहा हात अंतर ठेवून ते आणि नाईक बोलायला बसले. माल माळावर उतरवायचा, गाडीवानांनी माघारी जायचं, पेठेने मागाहून माल उचलायचा, आणि मेणासुद्धा खाली गेला तर पंधरवडाभर झऱ्यापाशी थांबेल, असं ठरलं. इतके दिवस अडलेली गोष्ट दुपारच्या जेवणाआधी मिटली.

मग दोघेही तिथेच माळावर, भिवाच्या झोपडीशी बसलेल्या साळूकडे गेले. शेठजींनी सुरुवात केली, की यांनी खिंड अडवली नसती तर. नाईक लगेच म्हणाला, की हे आधीच दोन शब्द बोलले असते तर. तिथेच पुन्हा जुंपायची वेळ आली.

साळूने दोघांचंही ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "तुमचं खरं असेल आणि तुमचंही खरं असेल. माझा माणूस त्यात कुठे होता? भांडा तुम्ही. पण आधी पखालीपुरती वाट सोडा, आणि मग भांडा."

दोघे वाटेतून बाजूला झाले. साळूने रेड्याच्या पाठीवर रिकामी पखाल टाकली आणि ती झऱ्याकडे निघाली. झोपड्यांमधली माणसं अजून तहानलेली होती.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: अन्यायाविरुद्ध जरूर अडून बसावं आणि नियमासाठी जरूर ठाम राहावं, पण आपल्या दोघांच्या हट्टात तिसऱ्या कुणाचं पाणी अडलंय का, हे आधी बघावं.