भृंगराजाचा सल्ला

माणसाची पायवाट अजून रानात शिरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वाघ राजा होता आणि त्याच्या वतीने बोलायला भृंगराज पक्षी होता. रोज सकाळी नदीच्या पाणवठ्यावर जनावरं त्याला नाही नाही ते विचारायची. उत्तर ठाऊक नसलं की तो म्हणायचा, "विचारून सांगतो." आणि नवल म्हणजे, तो खरंच विचारून यायचा आणि सांगायचा!

वाघ गेला, बिबट्या राजा झाला. भृंगराज आता जांभळीवर बसून, कसं बोलावं याचा सल्ला येईल त्याला देऊ लागला.

एका उन्हाळ्यात डोंगरामागे वणवा पेटला. सगळं रान पाणवठ्यावर लोटलं. बिबट्या धावत जांभळीखाली आला.

"सगळं ठीक आहे, असं सांगू का?"

"ठीक आहे का?"

"काय माहीत!"

"मग तेच सांगा महाराज. आणि बघून या."

बिबट्या घाबरतच सगळ्यांसमोर उभा राहिला. "आग कुठे वळेल मला माहीत नाही. बघून सांगतो," म्हणाला आणि धुरात शिरला.

बऱ्याच वेळाने तो परतला. "आग इकडेच येतेय. नदी ओलांडा."

एकानेही उलट प्रश्न केला नाही. हत्तीपासून मुंगसापर्यंत सगळं रान त्याच्यामागून मुकाट पाण्यात उतरलं. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या काठावर साळिंदर भृंगराजाला म्हणालं, "काय शब्द दिलेत हो राजाला!"

भृंगराज बिबट्याकडे बघतच राहिला होता.

"शब्द माझे," तो म्हणाला, "पण मिशा त्यांच्या जळल्यात."