गुळव्याची पाच मिनिटं

पन्हाळ्याच्या पायथ्याशी जाधवांचं गुऱ्हाळ आहे. धाकटे मालक अभयराव पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले आणि घड्याळ लावून चुलाणावरच्या मोठ्या काहिलीपाशी उभे राहिले. उसाचा रस तीन तास उकळत होता आणि म्हातारे गुळव्या हिंदुराव नुसते बसून त्याकडे बघत होते. शेवटी ते उठले, "उतरा" म्हणाले, आणि गूळ झाला.

"तात्या, तुमचं काम पाच मिनिटांचं," अभयराव सगळ्यांदेखत म्हणाले. "उद्यापासून पगारही तेवढ्याचाच."

हिंदुरावांचं घर त्याच पगारावर चालायचं. तरी ते शांतपणे म्हणाले, "चालतंय की मालक. फक्त ती पाच मिनिटं आली की मला घरनं बोलवून घ्या."

दुसऱ्या दिवशी अभयराव काहिलीत बघत राहिले. आता बोलवावं का? काहील लवकर उतरली तर नुसती पातळ काकवी, उशीर झाला तर सगळं करपणार. फेस चढला, रंग बदलला, तसा त्यांना घाम फुटला. ते अनवाणीच हिंदुरावांच्या दारात पळत गेले.

"तात्या, चला लवकर! वेळ झाली का, तेवढं बघा!"

"त्या बघण्याचाच तर पगार होता, मालक," म्हणत हिंदुरावांनी पटका गुंडाळला.