नागोजी लोहाराची मुकी शिकवणी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथे नागोजी नावाचा लोहार सुऱ्या घडवी. तीस वर्षांत त्याच्या हातची एकही सुरी तडकली नाही, असे लोक म्हणत. नागोजी स्वतः काहीच म्हणत नसे, कारण त्याला बोलायचा कंटाळा होता.

त्याची मुलगी शेवंता दूरच्या गावी दिली होती. तिचा नवराही लोहारच; त्याचा उजवा हात मोडला आणि घरची भट्टी थंड पडली. तेव्हा शेवंताने स्वतः हातोडा उचलला. घाव घालणे तिला लहानपणापासून येत होते. पाणी देणे तेवढे येत नव्हते. पाते भट्टीत तापवायचे आणि नेमका रंग आला की पाण्यात बुडवून कडक करायचे, याला पाणी देणे म्हणतात. रंग चुकला की सुरी फुकट जाते.

शेवंताला नवऱ्याला सोडून येता येईना. नागोजीच्या गुडघ्यांना दीड दिवसाची एसटी झेपेना. म्हणून त्याने दुकानातला सगळ्यात स्वस्त कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला, खोपटातल्या खांबाला सुतळीने बांधला आणि व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

गावात कोणाकडेच चांगला कॅमेरा नव्हता. त्यामुळे सगळ्यांनाच त्यातले कळत होते. कोणी म्हणाले दिवे लावा, कोणी म्हणाले मागे संगीत टाका. एकाने नागोजीला फेटा बांधायला सांगितले. नागोजीने सगळ्यांचे ऐकले आणि काहीही केले नाही.

पहिला व्हिडिओ सव्वातीन मिनिटांचा होता. त्यात नागोजी एक शब्द बोलला नाही. एकदा खोकला. त्याची बायको हौसा भाता ओढत होती. ती म्हणाली, "अहो, पोरीला काही सांगाल की नाही?"

"बघणाऱ्याला डोळे असतात," नागोजी म्हणाला.

असे त्याने नऊ व्हिडिओ केले आणि शेवंताला पाठवले. एकही स्वतः पाहिला नाही. आपण काय केले ते आपल्याला ठाऊकच असते, असा त्याचा हिशेब. जावयाला हात मोडल्यामुळे दुसरे काम नव्हते. त्याने ते सगळे इंटरनेटवर टाकले. लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रे पाठवली. 'अस्सल कारागीर' असे पुष्कळांनी लिहिले. त्यांतल्या बहुतेकांनी सुरी घडवायला घेतलीच नव्हती, म्हणून त्यांना शिकवणीत काही खोट दिसली नाही.

शेवंताने मात्र सुरी घडवली. ती तडकली. दुसरी केली, तीही तडकली. पाचवी तडकली तेव्हा तिने फोन केला.

"आप्पा, पाण्यात घातली की टक् करून वाजते. चीर जाते मधोमध."

"जास्त तापवत असशील."

"तुम्ही दाखवता तेवढीच तापवते. मोबाईल भट्टीशेजारी ठेवून रंग जुळवते. बाजारातल्या खाटकांनी शुक्रवारपर्यंत थांबू म्हटलंय. पोलादाच्या सात पट्ट्या उरल्यात. ह्या गेल्या की भट्टी मोडून भंगारात घालायची, असं ह्यांनी ठरवलंय."

नागोजी दमला होता. नऊदा तेच करून दाखवून माणूस दमतो. तो म्हणाला, "मग तुझा हातच वाईट. त्याला मी काय करू?"

पलीकडून फोन बंद झाला.

हौसा म्हणाली, "तिचा हात कोणावर गेलाय? माझ्याकडं बघू नका."

दुपारी नागोजी जेवत असताना हौसाने तो मोबाईल उघडला आणि शेवटचा व्हिडिओ लावला. अर्धा पाहून तिने मोबाईल नागोजीच्या ताटाशेजारी ठेवला. "हे पातं तुमचं नव्हे. एवढं पिवळं होऊ दिलं असतं मी, तर भात्यासकट मला बाहेर काढलं असतं तुम्ही."

नागोजीने पाहिले. पडद्यावर त्याचाच हात होता, त्याचीच सांडशी होती. पाते मात्र पिवळेधमक. त्याने तर ते लाल असतानाच पाण्यात घातले होते.

लोहाराचे खोपट अंधारेच असते. रंग सावलीतच ओळखता येतो. त्या अंधारात काही दिसावे म्हणून तो स्वस्त कॅमेरा मिळेल तेवढा उजेड ओढून घेत होता आणि लाल पाते पिवळे करून दाखवत होता. शेवंता पाते पिवळे होईपर्यंत तापवत होती. बापावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक.

ही गोष्ट गावात कळायला वेळ लागला नाही. दारात माणसे जमली. "तरी सांगत होतो, महागडा घ्या," एक जण म्हणाला.

"महागड्यानं मी बोलायला लागलो असतो का?" नागोजी म्हणाला.

तो उठला. तोच मोबाईल त्याच खांबाला बांधला. हौसाला भाता ओढायला सांगितले. एक घडवून तयार केलेले पाते घेतले आणि डोळ्यांना पिवळे दिसेपर्यंत तापवले. हौसाचा हात थांबला. "अहो, फुटेल."

"ओढ."

पाते पाण्यात गेले. टक् असा आवाज झाला. नागोजीने ते कॅमेऱ्यासमोर धरले आणि चिरेवरून बोट फिरवले.

"शेवंता, हे मी फोडलं," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, वापरात नव्हता. "तू पाहिलास तो रंग कॅमेऱ्याचा होता. मी एकदाही उघडून बघितलं नाही. तुझा हात चांगला आहे. वाईट म्हणालो ते माझं चुकलं."

मग त्याने जुन्या रेडिओतला लोहचुंबक घेतला आणि दुसरे पाते तापवायला घातले. मधून मधून चुंबक लावून दाखवू लागला. "रंगावर जाऊ नकोस. चुंबक चिकटतोय तोवर थांब. चिकटायचा थांबला, की जरा वेळ आणखी आणि लगेच पाण्यात. सावलीत डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसेल. कॅमेऱ्यात काय दिसेल ते देव जाणे."

हा व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. चित्र पहिल्याइतकेच वाईट होते.

जावयाने फोन करून विचारले, "मामा, हा आपल्यापुरताच ठेवू का? लोक काय म्हणतील? तीस वर्षांचं नाव आहे."

नागोजी बराच वेळ गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "टाक सगळ्यांपुढं. तो पिवळा रंग सगळ्यांनी पाहिलाय."

लोकांनी जे म्हणायचे ते म्हटले. म्हाताऱ्याचा हात गेला, असे पुष्कळांनी लिहिले. जोडलेले हात निम्म्याने कमी झाले. शेजारच्या गावच्या दोन खाटकांनी नागोजीकडे यायचे बंद केले. एका अनोळखी माणसाने तेवढे लिहिले, 'माझ्याही चार तडकल्या होत्या. आता कळले.'

गुरुवारी शेवंताचा फोन आला. तिने फोन भट्टीजवळ ठेवला असावा. आधी भात्याचा आवाज आला. मग पाण्याचा फुसकारा. मग काहीच नाही. नागोजी कान लावून ऐकत होता.

"आप्पा," शेवंता म्हणाली, "वाजली नाही."

तात्पर्य: शिकणाऱ्याचा हात वाईट ठरवण्याआधी शिकवणाऱ्याने त्याच्या जागी बसून आपला धडा एकदा पाहावा, आणि खोट आपल्यात निघाली, तर ती जितक्यांना दाखवली तितक्यांसमोर कबूल करावी.