इंजिनाचे सोवळे

फार वर्षांपूर्वी, एका हिवाळ्यात, वामनराव ओगले यांनी घरातील मेजावर छोटी रेल्वे उभारली. ती जुनी दिसावी म्हणून मालडब्याला विटेची पूड व काजळी फासली.

चकचकीत इंजिन डब्याला म्हणाले, "दादा, आंघोळ राहिली वाटते. मी नाही हो माखून घेणार. उद्या गार्डसाहेब येतील, ते खरी गाडी म्हणून मलाच ओळखतील."

दुसऱ्या दिवशी निवृत्त गार्ड आले आणि डब्यापाशी वाकले. "अहो, असल्याच डब्यांमागे माझी तीस वर्षे गेली." मग इंजिनाकडे पाहून त्यांनी विचारले, "हे खेळणे नातवाचे का?"

ते गेल्यावर इंजिन हळूच म्हणाले, "दादा, थोडी काजळी उरली आहे का?"

"उरली आहे," डबा म्हणाला, "पण तुझे सोवळे मोडेल."